दोघी नवऱ्या, एक बस्ता: साडी, नऊवारी की सूट?

"तुमच्यातलो न्हवरो कोण तां आदी सांगा, माप मगे घेतंय," टेलर म्हणाला. गळ्यात टेप, कानावर खडू आणि समोर आम्ही दोघी. प्रश्न खवचट नव्हता. कोटाची काजं कुठल्या बाजूला घ्यायची ते त्याला ठरवायचं होतं. पुरुषांच्या कोटाला बटणं उजव्या अंगाला असतात, बायकांच्या डाव्या. मी म्हटलं, "दोघी नवऱ्याच." नवरीचं अनेकवचन, नवऱ्याचं नाही. त्याने जरा विचार केला आणि वहीत लिहिलं: नवरी, २ नग.

त्यानंतर ओळखीतल्या दोन-तीन जोड्यांनी बस्त्याला निघण्याआधी मला फोन केले. सगळ्यांसमोर पर्याय तेच: दोघींनी साडी, एकीने साडी आणि एकीने सूट, किंवा दोघींनी सूट. आमचं लग्न वेंगुर्ल्याजवळ, आमच्या हिच्या मावशीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, फेब्रुवारीच्या शेवटी झालं. (आम्ही दोघीही एकमेकींना 'आमची ही' म्हणतो. ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो, आमचा नाही.) मी पैठणी नऊवारी नेसले, तिने सूट घातला. आज परत करायचं झालं तर यातलं निम्मं मी बदलेन.

खर्चाचा एक हिशेब सुरुवातीलाच. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ मधून प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध वगळले, पण १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात अशा लग्नांना कायदेशीर मान्यता मिळाली नाही. म्हणजे नोंदणी नाही, आणि रजिस्ट्रारच्या कचेरीत नेसायची साडी बस्त्यातून आपोआप वजा. एवढ्या एका बाबतीत सरकारने आपले पैसे वाचवलेत. जे काही करायचं ते अंतरपाटाच्या दिवशीच, त्यामुळे त्या दिवसाचे कपडे नीट बघून घ्या.

आधी हवा

दादरच्या थंडगार ट्रायल रूममध्ये घातलेला कोट आणि मालवणात दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला घातलेला कोट, हे दोन वेगळे कपडे असतात. आपल्याकडे लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि मेअखेरपर्यंत चालतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी शालसुद्धा चालते. मार्चनंतर मात्र पारा ३३ अंशांच्या आसपास असला तरी दमटपणामुळे घाम वाळतच नाही. जूननंतरचं बोलायलाच नको.

त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न कापडाचा करा, रंग नंतर बघू. पॉलिस्टर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट. होमाजवळ बसायचं असेल तर धोक्याचंही. टेरीवूलची इस्त्री छान राहते, पण मार्चनंतर नको. रॉ सिल्क फोटोत देखणं दिसतं, पण काखेतला घामाचा डाग त्यावर उठून दिसतो आणि जात नाही. राहता राहिलं लिनन. चुरगळतं, पहिल्या तासातच चुरगळतं, पण अंगाला वारा लागू देतं. माझं मत लिननच्या बाजूने. चुरगळलेल्या माणसाकडे लग्नात कोणी बघत नाही, घामाने निथळणाऱ्याकडे सगळे बघतात.

पांढरं मात्र टाळा, साडी असो की सूट. जांभ्याची तांबडी धूळ पँटच्या पायाला आणि साडीच्या काठाला लागते आणि धुतल्यावरही गुलाबीसर खूण ठेवते.

दोघींनी साडी

विधींच्या दृष्टीने हे सगळ्यात सोपं. हळद, पाटावर बसणं, सप्तपदी, सगळं साडीत निभतं, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनाही काय चाललंय ते पटकन समजतं. गाठ मारताना पदराला पदर बांधू नका, जरीत जर अडकते. दोन शेले घ्या.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे दोघींनी तंतोतंत सारख्या साड्या घेतल्या की नवऱ्या करवल्यांसारख्या दिसतात. एकीचा काठ तोच दुसरीच्या अंगाचा रंग, अशी अदलाबदल केली तर जोडी दिसते आणि गणवेश होत नाही. दुसरी अडचण वेळेची. प्रत्येक वाडीत चापूनचोपून नेसवणारी एकच मावशी असते, आणि तिला मुहूर्ताआधी दोन नवऱ्या नेसवायच्या असतात. दीड तास तरी धरा.

पैठणी घेणार असाल तर पदर उलटा करून बघा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत मोराची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे कापलेल्या धाग्यांची जाळी दिसली तर ती मशीनची. मशीनची घेण्यात पाप नाही, हातमागाचे पैसे मोजून घेण्यात आहे.

माझी चूक सांगते. मी रेशमी पैठणी नऊवारीत घेतली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर रेशीम आणि जर. अक्षता पडेपर्यंत मी खूश होते, पंगतीपर्यंत माझी कंबर बोलायला लागली. आज मी इरकल घेईन: सुती किंवा सुती-रेशमी अंग, रेशमी टोपपदर, वर खणाचं पोलकं. निम्म्याहून कमी पैसे आणि वजनाला हलकी. सिंधुदुर्गातली बरीच मंडळी बस्त्याला आंबोली घाट चढून बेळगावला जातात, तिथे इरकल आणि खण दोन्ही भरपूर बघायला मिळतं.

नऊवारीबद्दल थोडं जास्त

हे त्या मुलींसाठी, ज्या म्हणतात "मला साडी नको, मला त्यात मी वाटत नाही." बहुतेक वेळा त्यांच्या डोळ्यांसमोर सहावारी असते: पायात अडकणाऱ्या निऱ्या, एका हाताने सांभाळायचा पदर. नऊवारीचा कासोटा मागे खोचला की दोन पाय सुटे होतात. कोळणी आखूड काष्टा घालून होडीतून मासे उतरवतात, भातलावणीला आमच्या आज्या याच कपड्यात गुडघाभर चिखलात उभ्या राहिल्या. ही गुंडाळलेली विजारच आहे, फक्त शिवलेली नाही. आमची ही आयुष्यात साडी नेसली नव्हती. लग्नानंतर एकदा गंमत म्हणून मावशीने तिला नऊवारी नेसवली तर ती अंगणात मांडी ठोकून बसली, उठली, परत बसली, आणि म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंस?" तेव्हा साडी की सूट हे ठरवण्याआधी एकदा आजीची सुती नऊवारी नेसून घरभर फिरा. शिवलेली, नुसती चढवायची नऊवारीही मिळते. भाड्याने घ्यायला ती ठीक आहे, पण कमरेला नाडी असल्याने पोटावर फुगते. नेसवणारी मावशी असेल तर शिवलेली घेऊ नका.

एकीने साडी, एकीने सूट

फोटोत हे सगळ्यात उठून दिसतं, आणि 'नवरा कोण' हा प्रश्न दिवसभर याच जोडीच्या मागे लागतो. सूटवालीला लोक आपोआप मुलाकडची कामं देतात. माझ्या भावाने कानपिळीला सरळ तिचा कान धरला आणि शर्टपीस वसूल केलं. मग तिच्या मावसभावाने फिट्टंफाट म्हणून माझा कान पिळला, नथ, बुगडी, सगळ्यासकट, बुगडी वाकली. आम्हाला मजा आली. पण सूट घालणारीला दिवसभर नवरदेव म्हणवून घ्यायचं नसेल, तिला फक्त सूट आवडत असेल, तर हा त्रास खरा आहे. तसं असेल तर दोघींनी सूट घाला किंवा दोघींनी नऊवारी. लोकांना आधी समजावून सांगू, ही आशा सोडा. मांडवात कोणाला काही आठवत नाही.

दोन वेगळ्या कपड्यांची जोडी लावायला एक धागा सारखा हवा. आम्ही खणाचा एकच तागा घेतला. त्यातून माझं पोलकं झालं आणि तिच्या सूटातलं बिनबाह्यांचं जाकीट. खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे मीटरभर जास्तच घ्या. टेलरने खणाचा काठ बरोबर जाकिटाच्या बटणपट्टीवर उभा घेतला होता, मी न सांगता. त्या माणसाला न्हवरो कोण ते कळलं नाही, पण काठ कुठे घ्यायचा ते कळलं.

गाठीसाठी सूटवालीच्या खांद्यावर उपरणं टाका. कोटाच्या टोकाला शेला बांधायला जाऊ नका, कोट एका बाजूला ओढला जातो.

सूट शिवायचा की तयार घ्यायचा

तयार बायकांचे सूट ऑफिसचे असतात: कोट आखूड, खिसे खोटे, कापड लवचीक. लग्नाचं काही त्यांच्यात दिसत नाही. तयार पुरुषी सूट कापडाने आणि शिवणीने चांगला असतो, पण छातीच्या मापाने घेतला की खांदे उतरतात आणि खांद्याच्या मापाने घेतला की बटण लागत नाही. घ्यायचाच तर खांदा बघून घ्या. कंबर आत घेता येते, बाह्या कमी करता येतात. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे कोट उसवून परत शिवायचा.

शिवून घेणं सगळ्यात चांगलं, पण टेलर निवडताना डोळे उघडे ठेवा. जेन्ट्स टेलरला कोट येतो आणि छातीचे टक्स येत नाहीत, लेडीज टेलरला टक्स येतात आणि कॉलर येत नाही. आम्ही जेन्ट्स टेलरकडे गेलो आणि तिचा नीट बसणारा एक ब्लेझर नमुन्याला दिला. तोंडी सांगण्यापेक्षा नमुना शंभरपट बरा. पूर्ण सूटाला साधारण तीन मीटर कापड लागलं. अस्तर अर्धंच लावून घ्या, पाठीला वरच्या भागापुरतं, आणि कोटाच्या आत चिकटवलेलं कॅनव्हास नको म्हणून सांगा; ड्रायक्लीननंतर त्याला फोड येतात. आतले खिसे मागा. त्या दिवशी अंगठ्या, पाकिटं आणि माझं लिपस्टिक, सगळं तिच्याच खिशात होतं.

आणि बैठक. ट्रायलला ती आरशासमोर उभी राहिली, पँट झकास बसली, आम्ही पैसे देऊन आलो. लग्नाच्या दिवशी पाटावर मांडी घालताना मागची शिवण टर्रकन गेली. मंगलाष्टकं चालू, आणि मावशी मागून सेफ्टी पिना लावतेय. कोट लांब होता म्हणून निभावलं. मुहूर्तानंतर तिने कोट काढलाच नाही, आणि त्या उकाड्यात तिचं जे झालं ते मी पाहिलंय. तिला आज विचाराल तर ती म्हणेल, कोट शिवूच नका: ढगळ बैठकीची पँट, चांगला शर्ट, वर जाकीट, एवढाच सूट कोकणाला पुरे. मार्चनंतरच्या लग्नाला माझंही हेच मत. डिसेंबरात कोट जरूर घाला.

दोघींनी सूट

यावर फार सांगण्यासारखं नाही. समुद्रकाठी संध्याकाळी, विधींशिवाय, मोजक्या माणसांत लग्न असेल तर याच्यासारखं सुटसुटीत काही नाही. घरच्या मांडवात, हळद आणि होम असेल तर दोघींच्या पँटी पाटावर बसवाव्या लागतील हे लक्षात ठेवा. दोन्ही कोट एकाच कापडाचे नकोत. बंदगळा शिवून घेतलात तर टायचा प्रश्न मिटतो, पण गळा घट्ट राहतो, मेमध्ये नकोच. अंगरखा-सुरवारीची जोडी कोट आणि बंदगळा या दोन्हींपेक्षा थंड पडते, फक्त ती नीट शिवणारा माणूस आता शोधावा लागतो.

बारीकसारीक

मुंडावळ्या दोघींनी बांधा, त्या कुठल्याही कपड्यावर शोभतात. फेटा समुद्रावर बांधू नका, वाऱ्याने सुटतो आणि परत बांधणारा सापडत नाही. सूटवालीला दागिना हवा असेल तर भिकबाळी आणि शर्टाला सोन्याच्या गुंड्या. घरात आजोबांच्या असतील तर विचारून बघा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये लग्न असेल तर सुरंगीचे वळेसार, म्हणजे गजरे, दोघींसाठी सांगून ठेवा. तिने तो मनगटाला गुंडाळला होता, वास रात्रीपर्यंत राहिला. वाळूत बूट भरतात, कोल्हापुरी चपलाच बऱ्या.

लग्नानंतर साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, खाऱ्या दमट हवेत जर काळी पडते आणि कुबट वास बसतो. सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, पावसाळ्यानंतर घडी मोडून परत घाला.

टेलरकडे दीड महिना आधी जा, आणि गणपतीच्या तोंडावर तर जाऊच नका, तेव्हा त्याच्याकडे अख्ख्या गावाची शिलाई असते. ट्रायलला जाताना घरचा पाट पिशवीत घालून न्या. दुकानात मांडा, मांडी घालून बसा, वाकून नमस्कार करा. टेलर हसेल. आमचा तर पोट धरून हसला, पण तेव्हा आम्ही दुरुस्तीला गेलो होतो.