पांढऱ्या मलमाची डबी

माझ्या मुलाला वयाच्या दुसऱ्या वर्षापासून अ‍ॅलर्जीचा इसब आहे. रात्रभर खाजवून तो चादरीवर रक्ताचे डाग पाडत असे. लंडनमधील आमच्या जीपी डॉक्टरांनी दिलेले सौम्य स्टेरॉइडचे मलम मी घाबरत घाबरत, सांगितल्याच्या निम्मेच लावत होतो, कारण ‘स्टेरॉइड’ या शब्दाची धास्ती आम्ही सांगलीहूनच बरोबर आणली होती. पुढे आमची फसगत झाली ती नेमकी या धास्तीमुळे.

घराजवळच्या चिनी औषधांच्या दुकानात मुलाची नाडी आणि जीभ पाहण्यात आली, लाकडी खणांतून साली आणि मुळ्या काढून तोलण्यात आल्या. वैद्यांच्या काढ्यांवर वाढलेल्या माणसाचा अर्धा संशय तिथेच गळून पडतो. तो कडू काढा मुलाने तोंडात धरला नाही, त्यामुळे सोबत दिलेली मलमाची डबी तेवढी आम्ही वापरली. यात स्टेरॉइड नाही ना, असे मी दोनदा विचारले आणि ‘फक्त वनस्पती’ हेच उत्तर दोन्ही वेळा मिळाले. तपासणीचे 30 पौंड आणि डबीचे 25 पौंड मी आनंदाने मोजले.

चौथ्या दिवशी त्वचा गुळगुळीत झाली. खरे तर संशय तेव्हाच यायला हवा होता. सगळे दुकान काढ्याच्या वासाने भरलेले असताना हे मलम मात्र पांढरेशुभ्र आणि बिनवासाचे होते, आणि डबीवर घटकांची चिठ्ठीही नव्हती. डबी संपली की दोन दिवसांत इसब दुपटीने उसळे, म्हणून आम्ही नवी डबी आणत असू. असे पाच महिने चालले. अखेर कोपराच्या खोबणीतली त्वचा इतकी पातळ झाली की आतल्या बारीक लाल शिरा दिसू लागल्या.

त्वचारोगतज्ज्ञांनी हात पाहताच डबी मागितली. तपासणीत क्लोबेटासोल निघाले, म्हणजे स्टेरॉइडांच्या सर्वांत तीव्र वर्गातले औषध, जे ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. असे प्रकार जुनेच असल्याचे त्यांच्याकडून कळले: लंडनच्या डॉक्टरांनी 1999 साली तपासलेल्या 11 चिनी मलमांपैकी 8 मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होते, तर बर्मिंगहॅममध्ये 2003 साली तपासलेल्या 24 वनस्पतिजन्य मलमांपैकी 20 मध्ये स्टेरॉइड सापडले होते. माझी तक्रार वनस्पतींविषयी नाही, कारण दहा वनस्पतींच्या चिनी काढ्याची इसबावर रीतसर चाचणी 1992 साली लंडनमध्येच झाली होती. आमच्या डबीत मात्र जे सांगितले ते नव्हतेच.

मलम एकदम बंद न करता, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागले. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या, औषध नियामक संस्थेच्या ‘यलो कार्ड’ योजनेत मी तक्रार नोंदवली असून उरलेले मलम जपून ठेवले आहे. दुकानदाराने डबी आपली नसल्याचे सांगितले आणि पावतीवर केवळ ‘हर्बल वस्तू’ एवढेच लिहिलेले असल्याने मला ते खोडून काढता आले नाही.