लाल बोया, पांढरा पट्टा: दोन हंगाम वापरून झाल्यावर

चार वर्षांपूर्वी मालवणच्या समुद्रात बुडी मारून मी पाण्याखालून वर येत होते आणि डोक्यावर इंजिनाचा आवाज आला. कुठल्या बाजूनं, ते कळेना. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्या चौपटीहून जास्त. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकदमच पडतो आणि दिशा लागत नाही. तीन-साडेतीन मीटरवर मी तशीच थांबून राहिले. पर्यटकांची होडी वरून निघून गेली. खाली पाणबुड्या आहे हे होड्यांना दाखवणारा बोया, म्हणजे तरंगता फुगा, आम्हाला नेणाऱ्यांकडे नव्हता, बावटाही नव्हता. सांगलीत परतल्यावर पहिलं काम केलं ते स्वतःचा बोया मागवायचं.

ऑनलाइन ३८०० रुपयांना मिळाला. अडीच फुटी लांबट, जाड पीव्हीसीचा, तोंडानं फुंकून फुगवायचा. मधून तीन तुकड्यांची फायबरची काठी, वर तिरक्या पांढऱ्या पट्ट्याचा लाल बावटा, खाली अर्ध्या किलोचं शिसं, आणि प्लॅस्टिकच्या रिळावर दोरी.

कृष्णेत मगरी आहेत, त्यामुळे नदीत पाण्याखाली जायचा प्रश्नच नव्हता. पहिली चाचणी तासगावजवळच्या मामांच्या विहिरीत घेतली. बोया उत्तम. रात्रभर फुगवून ठेवला, सकाळी तसाच टणक. व्हॉल्व्ह चांगला, शिवण कुठं उसवलेली नाही. दोरीनं मात्र निराशा केली. डब्यावर ३० मीटर छापलेलं, मामांनी टेप लावून मोजली तर २६ भरली. वर ती इतकी बारीक की ओल्या हाताला काचते, आणि काळी, म्हणजे गढूळ पाण्यात दिसणार नाही. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. शेवटी गणपती पेठेतून चार मिलीमीटरची पिवळी विणलेली दोरी आणून रिळावर चढवली. दर पाच मीटरला काळ्या शाईची खूण केली. हे २०० रुपयांचं काम प्रत्येकानं करावं.

दुसरी अडचण बावट्याची. विहिरीत वारा नव्हता, तर फडकं काठीला चिकटून लोंबत राहिलं. लांबून ते लाल चिंधी दिसतं, पांढरा पट्टा दिसतच नाही. फ्लोरिडाच्या कायद्यात यासाठी नियम आहे: वारा नसतानाही बावटा पसरलेला राहील अशी तार किंवा पट्टी हवी, आणि बोयावरचा बावटा किमान १२ बाय १२ इंच. माझा १४ बाय १६ आहे, पण तारेविना. मामांनी द्राक्षाच्या मांडवाची तार कापून बावट्याच्या वरच्या कडेत ओवून दिली. दोन हंगाम तीच आहे. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यानं धुते, तेवढं पुरतं.

समुद्रात गेल्यावर तिसरी गोष्ट कळली. अर्ध्या किलोचं शिसं पुरत नाही. दोरी ओढली की काठी आडवी होते आणि बावटा पाण्यात लोळतो. कमरपट्ट्याचं एक किलोचं वजन खाली जोडल्यावर काठी सरळ उभी राहू लागली.

दोन बावट्यांमधला गोंधळ मलाही होता, म्हणून सांगते. पांढऱ्या पट्ट्याचा लाल बावटा अमेरिकेत १९५०च्या दशकात रूढ झाला. त्याचा अर्थ इथं माणूस पाण्याखाली आहे. काठीकडे पांढरा आणि पुढं निळा, टोकाला खाच असलेला तो 'अल्फा', आंतरराष्ट्रीय संकेतांतला: माझा पाणबुड्या पाण्यात आहे, लांब राहा, वेग कमी ठेवा. तो बोटीवर लावायचा, आणि समुद्री वाहतुकीच्या नियमांप्रमाणे कापडी नव्हे तर कडक, किमान एक मीटर उंच, सगळ्या बाजूंनी दिसेल असा. बोया पाणबुड्यासोबत हलतो, बोट एका जागी असते, म्हणून दोन्ही लागतात. या संचात अल्फा येत नाही, हे जाहिरातीत स्पष्ट लिहायला हवं होतं.

वापरताना मी चार गोष्टी सोडत नाही. रीळ हातात धरायचं, अंगाला कधीच बांधायचं नाही. दोरी होडीच्या पंख्यात अडकली तर तिच्यासोबत आपणही ओढले जाऊ. दोरी सैल सोडायची नाही, नाहीतर बोया एकीकडे आणि मी दुसरीकडे. वर येताना दोरीच्या जवळून, वर बघत, हळू यायचं. आणि शेवटचा माणूस बोटीत आला की बावटा उतरवायचा. दिवसभर उगाच फडकत ठेवलेला बावटा होडीवाल्यांना दुर्लक्ष करायला शिकवतो, आणि ते मग खऱ्या वेळीही बघत नाहीत.

प्रवाह जोरात असेल तिथं हा फुगा ओढत फिरणं दमवतं. त्यासाठी खालून हवा भरून वर सोडायचा, नळीसारखा उभा बोया, 'सॉसेज', वेगळा घ्या. तो खाली पूर्ण भरायचा नसतो: १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथं भरलेली एक लिटर हवा वर दोन लिटर होते.

कृष्णेच्या घाटावर पहाटे पोहणाऱ्या ओळखीच्या दोघांनी माझ्यासारखाच बोया मागवायचं ठरवलं होतं, त्यांना मी थांबवलं. पृष्ठभागावर पोहणाऱ्याला काठी-शिशाचा भार कशाला? कमरेला पट्टा लावून मागं ओढायचा छोटा नारिंगी बोया त्यांना पुरतो. पोहणाऱ्यानं कमरेला बांधलेलं चालतं, पाणबुड्यानं नाही.

रंगाचं एक लक्षात ठेवा. पहिल्या उन्हाळ्यात मी माझा बोया बावट्यासकट सांगलीच्या गच्चीवर वाळत ठेवला आणि विसरले. मेअखेर लाल बावटा गुलाबी झाला होता. बावटा बदलून घेतला. आता बोया सावलीत, अर्धवट फुगवून ठेवते.

एवढं सगळं बदलून वापरला तर घ्यावा का? घ्यावा. बोया स्वतः पक्का आहे, आणि बाकीच्या वस्तू शंभर-दोनशेत सुधारता येतात. पण समोरच्याला त्याचा अर्थ ठाऊक नसेल तर अर्धंच काम होतं. पहिल्या वेळी आमच्याजवळून गेलेल्या मच्छीमाराला नंतर किनाऱ्यावर विचारलं, तर तो म्हणाला, "माका जाळ्याचो बोयो वाटलो, म्हणून लांबसून गेलंय." जाळ्यावर असे बोये-बावटे असतात, त्यामुळे त्याची चूक नव्हती, आणि लांबून गेला हेच मोठं. पण प्रत्येक जण जाळं समजून लांब जाईल याची खात्री नाही. म्हणून दर वेळी निघायच्या आधी आजूबाजूच्या दोन-तीन होड्यांवर जाऊन बावटा दाखवते, त्याचा अर्थ सांगते. दहा मिनिटं जातात.

गेल्या फेब्रुवारीत पाण्याबाहेर येऊन मी बोटीत बसले होते, पाठीवरची हवेची बाटली उतरवत होते. शेजारच्या होडीवरच्या त्याच माणसानं ओरडून सांगितलं, "ताई, सगळे वर इले ना? मग बावटो उतरव."