नाव जुळलं, आयएसएसएन जुळला, आणि ५७,३५० रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकते, कारण गेले तीन महिने जो तो "किती गेले?" एवढंच विचारतो आणि ऐकून "एवढेच ना?" म्हणतो. ५७,३५० रुपये. एका दलालामार्फत, खऱ्या संशोधन नियतकालिकाची नक्कल केलेल्या साइटवर पेपर छापायच्या नादात, पाच हप्त्यांत गेले. नोंदणी २,३६०, पेपरची प्रोसेसिंग फी २१,८३०, "इंडेक्सिंग लवकर व्हावं" (म्हणजे पेपर सूचीत चढावा) म्हणून ६,५००, "यूके पेटंट"मधला एक वाटा १२,५०० आणि लीडरशिप फेलोशिप १४,१६०. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण खरं जे गेलं ते या आकड्यात नाही.

वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना पार्श्वभूमी सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. तेव्हाच्या, २०२२ च्या नियमावलीप्रमाणे असोसिएट प्रोफेसर व्हायचं तर असिस्टंट म्हणून चार वर्षं, दोन पेपर, मेडिकल एज्युकेशनचा बेसिक कोर्स आणि बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स लागायचा. पेपरही कुठलाही चालत नसे. मूळ संशोधन, मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू किंवा केस सीरीज लागे. तुमचं नाव पहिल्या तिघांत किंवा कॉरस्पाँडिंग ऑथर (पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक) म्हणून असावं लागे. आणि नियतकालिक मेडलाइन, पबमेड सेंट्रल, एम्बेस, स्कोपस, डीओएजे (मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकांची यादी) अशा ठरावीक सूच्यांत असावं लागे. एकट्या रुग्णाची केस रिपोर्ट यात बसत नव्हती, तरी तिच्यासाठी दहा-दहा हजार मोजणारे सोलापुरातच भेटतील. पैसे घेऊन पेपर छापून आणणाऱ्या दलालाला हे सगळं आपल्यापेक्षा पाठ असतं. त्याचा पहिला प्रश्नच होता, "मॅडम, चार वर्षं कधी पूर्ण होतायत?"

माझा पेपर बनावट नव्हता, हे मुद्दाम सांगते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या २१२ विडी कामगार बायका, तेलुगूत भाषांतर केलेली प्रश्नावली, प्रत्येकीची पीक फ्लो मीटरवर (फुंकेचा जोर मोजणारी नळी) तीन वेळा फुंक आणि त्यातली सगळ्यात मोठी नोंद. नळीत नीट फुंकायला शिकवण्यातच अर्धी सकाळ जायची. पहिल्या फुंकेला हसू यायचं, ती धरायची नाही. चौदा महिने लागले. एथिक्स कमिटीची मंजुरी त्याआधीचे चार महिने खाऊन गेली. नंतर एका चांगल्या नियतकालिकाने सात महिने ठेवून घेऊन दोन ओळींत नकार दिला. चौथं वर्ष संपायला पाच महिने उरलेले असताना "सहा आठवड्यांत डीओएजे" असा मेसेज आला, तेव्हा मी मूर्ख होते असं म्हणायचं असेल तर म्हणा. घाईत होते एवढं मी मान्य करते.

आता तो क्षण. दलालाने नियतकालिकाचं नाव दिलं. मी आंधळेपणाने पैसे टाकले नाहीत. डीओएजेच्या साइटवर जाऊन आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, टाकला. नियतकालिक निघालं. नाव तेच, आयएसएसएन तोच, विषय तोच. मी खिडकी बंद केली आणि दलालाने पाठवलेल्या लिंकवर जाऊन पेपर सबमिट केला. डीओएजेच्या त्याच पानावर नियतकालिकाच्या खऱ्या साइटची लिंक होती. तिच्यावर एकदा क्लिक केलं असतं तर दिसलं असतं, की खरी साइट वेगळी आहे आणि मी जिथे पेपर टाकतेय ती तिची नक्कल आहे. पत्त्यात फरक काय, तर मध्ये एक आडवी रेघ आणि शेवटी डॉट ऑर्गच्या जागी डॉट को डॉट इन. विद्यार्थ्यांना बायस, म्हणजे संशोधनातला पूर्वग्रह, शिकवते मी. बायस!

याला हायजॅक्ड जर्नल म्हणतात. खरं, छोटं, बऱ्याचदा एखाद्या संस्थेचं नियतकालिक गाठायचं, ज्याची साइट जेमतेम चालते. त्याचं नाव, आयएसएसएन, संपादक मंडळ उचलायचं, मिळता पत्ता विकत घ्यायचा आणि दुकान मांडायचं. सूचीत नाव खरंच असतं, म्हणून नाव तपासणारा हमखास फसतो. असे लेख स्कोपसमध्येही शिरल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा तपासणी नेहमी सूचीकडून नियतकालिकाकडे करा, नियतकालिकाच्या साइटवरून सूचीकडे कधीच नको. साइटवरचे बिल्ले ही चित्रं असतात, कोणीही चिकटवतो. रिट्रॅक्शन वॉच या मागे घेतलेल्या पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या साइटची हायजॅक्ड जर्नल चेकर नावाची यादी २०२२ पासून मोफत उपलब्ध आहे. तिच्यात नाव नसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, पण असलं तर तिथेच थांबा.

पेपर चौथ्या दिवशी स्वीकारला गेला. रिव्ह्यूअरचा शेरा पूर्ण देते: "प्रस्तावना चांगली आहे. संदर्भ वाढवावेत. व्याकरण तपासावे." सांख्यिकीबद्दल एक प्रश्न नाही. विडी वळणाऱ्या बायकांमध्ये चुलीच्या धुराचा परिणाम वेगळा कसा काढला, हे कोणीही विचारलं असतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. नाही विचारलं, तर मला आनंद झाला. आनंद! ही दुसरी जागा, जिथे डोळे उघडायला हवे होते.

तिसरी जागा म्हणजे बिल. १८,५०० अधिक अठरा टक्के जीएसटी ३,३३०, एकूण २१,८३०. बिल बघून उलट विश्वास बसला. वर पत्ता दिल्लीचा, आणि पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०९. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: दिल्ली ०७, उत्तर प्रदेश ०९, आपला महाराष्ट्र २७. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकून नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, हे फुकट दिसतं. ती रद्द झालेली होती. आणि यूपीआयवर पैसे टाकताना हिरव्या अक्षरांत जे नाव उमटलं, ते कुठल्याशा "ट्रेडर्स"चं होतं. "प्रकाशकाचं खातं अपडेट होतंय," असं उत्तर मिळालं आणि मी पिन दाबला.

आमच्याच विभागातल्या एका सीनियर सरांनी इंडेक्स कोपर्निकस या दुसऱ्याच एका सूचीत नाव बघून होकार दिला होता, तेही लिहिते. २०१५ च्या जुन्या परिपत्रकात त्या सूचीचं नाव होतं, २०२२ च्या यादीत नाही. दलाल जुन्या नियमावर अजून पोट भरतात, कारण आपले वरिष्ठ जुन्या नियमावर सल्ला देतात. स्कोपसचं सांगायचं तर त्यांचं सोर्सेसचं पान बिनपैशाचं आहे. तिथे नियतकालिक कोणत्या वर्षापर्यंत घेतलंय ते बघा. २०२१ ला बंद झालेलं असलं तरी साइटवर बिल्ला तसाच लटकत असतो. गूगल स्कॉलर ही सूची नव्हे. आयएसएसएन हा दर्जाचा दाखला नव्हे, तो फक्त क्रमांक. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) मिळाला की डीओआय डॉट ऑर्गवर टाकून बघा. आमचा टाकला तर "डीओआय नॉट फाउंड". यासाठी मी ६,५०० रुपये जास्तीचे दिले होते.

"यूके पेटंट"ची गोष्ट थोडक्यात, कारण ती जास्त लाजिरवाणी आहे. इनोव्हेशनचे गुण हवेत ना, म्हणून एका "स्मार्ट इनहेलर"च्या चित्रात आठ जण, प्रत्येकी १२,५००. म्हणजे एक लाख. मिळालं ते पेटंट नव्हेच. ब्रिटनमधली डिझाइन नोंदणी. ती वस्तूच्या फक्त दिसण्याची असते, ती चालते का हे कोणी बघत नाही, नवी आहे का हेही नोंदणीच्या वेळी तपासलं जात नाही, आणि २०२४ मध्ये ऑनलाइन एका डिझाइनची फी होती ५० पौंड. त्यात "इन्व्हेंटर" नसतो, मालक असतो. भारतातही "पेटंट पब्लिश झालं" म्हणून पेढे वाटतात; अर्ज १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, घाई असेल तर फॉर्म ९ भरून आधीही होतो. प्रसिद्ध होणं आणि मंजूर होणं यांत तपासणीचं सगळं काम असतं. शिवाय असोसिएटच्या अटींत पेटंट नव्हतंच. मग घेतलं कशाला? बाकीचे सात जण घेत होते म्हणून.

फेलोशिप म्हणजे तीन संध्याकाळी झूम, शेवटी पीडीएफ. नेतृत्व शिकायचंच असेल तर फायमर या वैद्यकीय शिक्षकांसाठीच्या संस्थेचे कोर्स आहेत, मुंबईत जी.एस. मेडिकल कॉलेजला, लुधियानाला, कोइम्बतूरला. दोन वर्षं चालतात आणि स्वतःच्या संस्थेत प्रकल्प करून दाखवावा लागतो. तीन दिवसांत १४,१६० रुपयांत कोणी लीडर होत नाही, झालेच तर त्याचे ग्राहक. रिसर्चच्या बेसिक कोर्सचं सर्टिफिकेटही दलाल "अरेंज" करत होता. तो कोर्स चेन्नईची आयसीएमआर-एनआयई ही सरकारी साथरोगशास्त्र संस्था ऑनलाइन घेते, शिकणं मोफत, फी फक्त परीक्षेची. एवढी एक गोष्ट मी नाकारली, तीही फक्त माझा कोर्स आधीच झाला होता म्हणून.

कळलं कसं? कॉलेजच्या छाननीत क्लार्कने डीओएजेच्या लिंकवर क्लिक केलं. बस.

मग सुरू झाली फेरी. बँकेत सांगितलं तर म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं जे परिपत्रक सगळे सांगतात, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आपण स्वतः पिन दाबला की ते लागू होत नाही. पोलिस ठाण्यात साहेबांनी पेपरचा प्रिंट उलटसुलट केला आणि विचारलं, "छापून आलाय ना मॅडम? मग फसवणूक कसली?" दोन तास बसवून ठेवून कागदावर शिक्का मारला नाही. हायजॅक्ड जर्नल हा शब्द तिसऱ्यांदा समजावून सांगत होते, तेव्हा शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "विमानाचं प्रकरण आहे का?" दुसऱ्यांदा गेले तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा म्हणाले, कॉलेजचं पत्र आणा. कॉलेज म्हणतं, तुमचा वैयक्तिक व्यवहार, आणि कृपया बाहेर बोलू नका, तपासणी जवळ आहे. वरच्या कार्यालयाला तीन ईमेल केले. तिसऱ्याला उत्तर आलं की तक्रार योग्य विभागाकडे पाठवली आहे. कोणता विभाग, ते त्यात नाही. पेपर मोजायला सगळे तयार, पेपर चोरीला गेला की कोणाच्याच अखत्यारीत नाही!

पोलिसांशी बोलताना "जर्नल"वरून सुरुवात करू नका, ही माझी चूक. "दुसऱ्याच्या नावाची खोटी वेबसाइट काढून पैसे घेतले" असं म्हणा. १ जुलै २०२४ पासूनचा व्यवहार असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६डी. पण त्याही आधी १९३० ला फोन, किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार. समोरच्या खात्यात पैसे शिल्लक असेपर्यंतच ते गोठवता येतात, म्हणून तासांचा हिशेब असतो. मी ४१ दिवसांनी केला. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, बिल, ईमेल आणि पत्त्याची पट्टी दिसेल असे साइटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. दलालाने व्हॉट्सअ‍ॅपवर २४ तासांत मेसेज गायब होण्याची सोय चालू केली होती. तेव्हा वाटलं, व्यवस्थित माणूस आहे. अर्धा पुरावा असाच गेला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षं. ते आता करतेय.

फी नसलेली नियतकालिकंही असतात. डीओएजेवर शोधताना फी न घेणारीच तेवढी वेगळी काढता येतात. हे मला २१,८३० रुपयांनंतर कळलं.

पेपर मात्र अडकलाय. एकदा छापलेला लेख दुसरीकडे पाठवला तर तो डुप्लिकेट पब्लिकेशन, म्हणजे उद्या माझ्यावरच ठपका. मागे घ्या म्हटलं तर "विथड्रॉल फी ३०० डॉलर". दिली नाही, देणारही नाही. दिली तरी काढतील याची खात्री काय? खऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना सगळा पत्रव्यवहार पाठवलाय. फसवलेल्या जागी छापलं गेलंय हे कव्हर लेटरमध्ये उघड लिहून पेपर नव्याने पाठवणं, हा एक रस्ता उरतो. स्वीकारायचं की नाही ते त्या संपादकाच्या हातात.

तोवर माझ्या २१२ बायका त्या नकली साइटवर आहेत. दुसऱ्या तक्त्यात पीक फ्लोचं एकक लिटर प्रति मिनिट होतं, ते यांनी लिटर प्रति सेकंद छापलंय. त्या हिशेबाने पूर्व भागातली विडी वळणारी बाई एका सेकंदात २८० लिटर हवा फुंकते.