सोलापुरात पार्सल पोहोचवण्याचे काम : नगावर, पगारावर आणि टेम्पोवर काम केल्यानंतरचा अनुभव

मागच्या दोन वर्षांत मी सोलापुरात पार्सल पोहोचवण्याची तीन प्रकारची कामे केली. पहिले काम ऑनलाइन खरेदीच्या पार्सलांचे होते आणि ते व्हेंडरच्या (कंपनीकडून वाटपाचे काम घेणाऱ्या ठेकेदाराच्या) हाताखाली नगावर, म्हणजे पोहोचलेल्या प्रत्येक पार्सलमागे ठरलेल्या दराने होते. त्यानंतर काही आठवडे छोटा हत्ती, म्हणजे लहान मालवाहू टेम्पो चालवला आणि आता कुरिअरमध्ये कंत्राटदाराच्या हजेरीपटावर मासिक पगाराने काम करतो आहे. कामाला लागताना तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट सांगितली जाते, ती म्हणजे ‘महिन्याला इतके सुटतात’. नगाच्या कामात या आकड्यातून पेट्रोल आणि गाडीची झीज अजून वजा व्हायची असते, पगाराच्या कामात त्यातून भविष्य निर्वाह निधी आधीच वजा झालेला असतो आणि टेम्पोच्या कामात त्यात जेवणाचा भत्ताही मिसळलेला असतो. त्यामुळे हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून काम निवडले, तर निवड चुकण्याची शक्यता फार मोठी असते. नव्याने या कामाकडे वळणाऱ्या मुलांना हा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

नगावरच्या कामात सकाळी सातच्या आत हबवर, म्हणजे पार्सले वाटपासाठी येतात त्या गोदामावर पोहोचावे लागते. गाडी रिकामी झाली की पार्सले स्कॅन होऊन भागानुसार वेगळी होतात आणि आपल्या नावावर रनशीट, म्हणजे त्या दिवशीच्या पार्सलांची यादी पडते. मला बराच काळ पूर्व भागाचा रूट होता. अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ आणि तिथून पुढे विडी घरकुलापर्यंतची वस्ती असा तो होता. या भागात घरे एकमेकांना लागून असतात, पत्त्यात घर क्रमांकापेक्षा ‘अमुक कारखान्याच्या मागे’ हेच जास्त असते, आणि फोनवर तेलुगूत दोन वाक्ये बोलता आली तर दहा मिनिटे वाचतात. एका गल्लीत सात-आठ पार्सले निघाली की गाडी उभी करून पायीच काम उरकते. जुळे सोलापूरमधल्या अपार्टमेंटचेही तसेच आहे. याउलट ज्याच्या वाट्याला हैदराबाद रोड, कुंभारी किंवा तळे हिप्परग्याकडचा रूट येतो, त्याला तेवढ्याच वेळात निम्मीच पार्सले देता येतात. दर मात्र बहुतेक ठिकाणी सारखाच असतो किंवा रुपया-दोन रुपये वाढवून दिलेला असतो. म्हणून कामाला लागताना मुले दरावर घासाघीस करतात तेव्हा मला वाईट वाटते. दर तेरा रुपये असेल आणि दिवसाला ६० पार्सले जात असतील, तर एक रुपया वाढून ६० रुपये मिळतात. पण विखुरलेल्या रूटमुळे ६०ची ४५ झाली, तर १९५ रुपये जातात. घासाघीस करायचीच असेल, तर ती रूटवर करावी.

दुसरी गोष्ट अशी की पैसे फक्त पोहोचलेल्या पार्सलाचे मिळतात. ग्राहक घरी नाही, सीओडीचे, म्हणजे माल घेताना द्यायचे पैसे तयार नाहीत, ‘उद्या आणा’ असे सांगितले, तर पेट्रोल आपले आणि फेरी फुकट. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूचे रस्ते बंद असतात, वळसे घालून जावे लागते आणि पार्सले मोठ्या संख्येने परत आणावी लागतात. ते आठवडे नगावरच्या मुलांना जड जातात, पगारावरच्या माणसाला केवळ उशीर होतो. वजनाचाही विचार दरात नसतो. सोलापूर हे चादरी आणि टॉवेलचे गाव असल्याने व्यापाऱ्यांकडून उचलायच्या पिकअपमध्ये टॉवेलचे मोठमोठे गठ्ठे असतात. मोबाइलचे कव्हर आणि दोन्ही हातांनी उचलावा लागणारा गठ्ठा यांची नोंद रनशीटवर एक नग अशीच होते.

सगळ्यात जास्त त्रास मात्र कपातीचा. आठवड्याचा हिशेब मोबाइलवर येतो, त्यात वर जमा रक्कम असते आणि खाली ‘डेबिट’ असा रकाना असतो. रोख रकमेतली तूट, हरवलेले पार्सल, परत आलेल्या मालातील बदल, असे सगळे तिथे वजा होते. माझ्या हिशेबात एकदा परत घेतलेल्या बुटांच्या जोडीची पूर्ण किंमत वजा झाली होती, कारण गोदामात खोका उघडला तेव्हा आत जुने बूट निघाले. मी ग्राहकाच्या दारातच खोका उघडून तळव्याचा आणि आतल्या आकड्याच्या पट्टीचा फोटो काढला होता. तो दाखवल्यावर रक्कम परत मिळाली, पण त्यासाठी टीम लीडरकडे तीन आठवडे खेटे घालावे लागले. ज्या सहकाऱ्यांकडे फोटो नव्हते, त्यांचे पैसे गेले ते गेलेच. नगावर काम करणाऱ्याने परतीच्या प्रत्येक वस्तूचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्येही ठेवावा. रोख भरण्याची पावती तर त्याच संध्याकाळी हातात घेतल्याशिवाय हब सोडू नये.

आता हिशेब. समजा दर १३ रुपये, दिवसाला ६० पार्सले आणि महिन्याला २६ दिवस काम. एकूण २०,२८० रुपये होतात आणि ‘वीस हजार सुटतात’ असे जे सांगितले जाते ते हेच. कंत्राटी काम म्हणून त्यातून १ टक्का टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) जातो, म्हणजे सुमारे २०० रुपये. रोज साठ किलोमीटर गाडी चालली आणि लिटरला पन्नासचा ॲव्हरेज मिळाला, तर पेट्रोल शंभराच्या वर असताना महिन्याला साधारण ३,२५० रुपये त्यावर जातात. ऑइल, ब्रेक शू, चेन स्प्रॉकेट, टायर यांचा वर्षाचा खर्च बारा महिन्यांत वाटला तर दीड हजार कुठेच गेले नाहीत, कारण सतत थांबत-निघत चालणाऱ्या गाडीची झीज लवकर होते. मोबाइलचे तीनशे धरले, तर हातात उरतात ते सुमारे १५,००० रुपये. टीडीएसची रक्कम आयकर विवरणपत्र भरल्यास परत मिळते. या उत्पन्नावर कर बसतच नाही, तरीही बहुतेक मुले विवरणपत्र भरत नाहीत आणि वर्षाचे दोन-अडीच हजार सोडून देतात. पॅन क्रमांक दिलेला नसेल तर कपात १ टक्क्याऐवजी २० टक्के होते, हेही ध्यानात ठेवावे.

पगाराच्या कामाकडे पाहिले तर पहिल्यांदा मन खट्टू होते. समजा कपातीसाठी धरलेले वेतन १४,००० रुपये आहे. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,६८० रुपये, राज्य कामगार विम्याचे ०.७५ टक्के म्हणजे १०५ रुपये आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापून हातात १२,०१५ रुपये येतात. ‘बारा हजारांत काय होते’ म्हणून कितीतरी जण इथूनच माघारी फिरतात. पण मालकही निधीत आपले १२ टक्के भरतो. त्यातला ८.३३ टक्के भाग पेन्शन योजनेत जातो आणि उरलेला आपल्या खात्यात. म्हणजे हातात आलेले १२,०१५ आणि आपल्या नावावर जमा झालेले ३,३६० मिळून १५,३७५ रुपये होतात. पेट्रोलसाठी मला किलोमीटरला तीन रुपये मिळतात. प्रत्यक्ष पेट्रोल दोन रुपयांच्या थोडे वर जाते, राहिलेल्यातून ऑइल आणि टायरचा बराचसा खर्च निघतो. वीस हजारांचे काम आणि बारा हजारांचे काम महिनाअखेर जवळजवळ एकाच जागी येऊन उभे राहतात. फरक एवढाच की पहिल्यात मी सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत रस्त्यावर असे आणि दुसऱ्यात साडेनऊ ते साडेसहा.

याशिवाय ज्या गोष्टी महिन्याच्या आकड्यात दिसतच नाहीत, त्यांचे मोल मला एका सहकाऱ्याच्या अपघातानंतर कळले. विजापूर रोडवर समोरून आलेल्या दुचाकीच्या धडकेत त्याचे मनगट मोडले. तो पगारावर होता आणि त्याचा विमा क्रमांक चालू होता. सोलापुरात कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे, तिथे उपचारांचे पैसे द्यावे लागले नाहीत आणि कामावर न जाता आलेल्या काळासाठी वेतनाच्या ९० टक्के दराने भरपाई मिळाली. कामावरील दुखापतीसाठी हे संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असते. साध्या आजारपणासाठी ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळतो, मात्र त्याला आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील यांचे उपचारही त्यात येतात. ही योजना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी आहे. भविष्य निर्वाह निधीच्या सदस्याचा नोकरीत असताना मृत्यू झाला, तर त्याला जोडलेल्या विम्यातून कुटुंबाला कमाल ७ लाख रुपये मिळतात आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून वेगळा पैसा कापला जात नाही. आमच्यासारख्या दिवसभर रहदारीत असणाऱ्या माणसाच्या घरच्यांना ही गोष्ट माहीत असलीच पाहिजे. नगावरच्या एका मुलाचा हात मोडला, तेव्हा त्याचा आयडी दुसऱ्या आठवड्यात बंद झाला आणि रूट दुसऱ्याला गेला. व्हेंडरने अपघात विम्याचा उल्लेख केला होता, परंतु पॉलिसीची प्रत कोणाकडेच नव्हती.

पगारपत्रकावर कपात दिसली म्हणजे पैसे भरले गेले असे मात्र समजू नये. यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा आपला क्रमांक मिळाल्यावर उमंग ॲपवर पासबुक उघडावे आणि दर महिन्याची वर्गणी जमा होते का ते पाहावे. मी दर महिन्याला पाहतो. कंत्राटदाराने कापलेली रक्कम भरली नाही, तर मुख्य कंपनीचीही जबाबदारी असते, त्यामुळे तक्रार नुसत्या कंत्राटदारापुरती ठेवू नये. ओळखपत्रावर नाव कोणाचे आहे, पगार कोणाच्या खात्यातून येतो आणि नियुक्तिपत्रावर सही कोणाची आहे, हे तिन्ही पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवावे. अडचण आली की याच कागदांवर सगळे अवलंबून असते.

पगाराच्या कामाला उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. वाढ वर्षातून एकदा आणि ती चारशे-पाचशे रुपयांची. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात नगावरची मुले रात्री उशिरापर्यंत काम करून आमच्या दीडपट कमावतात, आम्हांला त्याच काळात जादा काम करूनही मोबदला नियमाप्रमाणे मिळेलच असे नाही. बोनसचा कायदा ८.३३ टक्के किमान बोनस सांगतो, तरी तो मागून घ्यावा लागतो. ग्रॅच्युइटीसाठी कायमच्या कामगाराला पाच वर्षे आणि पेन्शनसाठी दहा वर्षे सेवा लागते, आणि कंत्राटदार दर दोन-तीन वर्षांनी बदलत असल्यामुळे नवा कंत्राटदार आला की आपला यूएएन तोच राहतो की नाही याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे लागते. ज्याच्यावर घरची जबाबदारी कमी आहे आणि ज्याला सहा महिन्यांत गाडीचे कर्ज फेडायचे आहे, त्याने दाट वस्तीचा रूट मिळत असेल तर नगावर जावे, असेच मी सांगेन.

टेम्पोच्या कामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचे खोके उचलून ट्रान्सपोर्टच्या गोदामात टाकायचे, असे ते होते. रोजंदारी आणि जेवणाचा भत्ता मिळे, डिझेल मालकाचे असे आणि गाडीची झीज आपल्या अंगावर नसे, ही जमेची बाजू. पण माल चढवणे-उतरवणे चालकावरच येते आणि गाडी गॅरेजमध्ये गेली की रोजंदारी बुडते. कारचा, म्हणजे हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे वेगळ्या परवान्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत.

दहावीला चांगले गुण असतील तर टपाल खात्यातील ग्रामीण डाक सेवकाची भरती जरूर पाहावी. निवड दहावीच्या गुणांवर होते, परीक्षा नसते. चार तासांच्या कामासाठी डाक सेवकाचे मूळ मानधन १०,००० रुपये आहे आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. माझ्या मावसभावाला ते मिळाले. सकाळचे टपाल वाटून तो दुपारी शेतावर जातो. आमच्या कामात असा अर्धा दिवस मोकळा कधीच सापडत नाही.

नगावर किंवा ॲपवर राहायचेच ठरवले असेल, तर दोन गोष्टी स्वतः कराव्यात. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची, म्हणजे पगारी नोकरीत नसलेल्या आणि ॲपवर काम करणाऱ्यांची व्याख्या आहे आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या निधीत भरण्याची तरतूद आहे. त्याचा लाभ नोंदणी असलेल्यांनाच मिळायचा आहे, म्हणून ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवावी. ती मोफत होते. दुसरी गोष्ट गाडीच्या विम्याची. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी केलेला वापर सहसा वगळलेला असतो आणि त्या कारणाने गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनीला कामाचे स्वरूप लेखी सांगावे आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा पॉलिसीत खरोखर धरलेला आहे का, हे पावतीवर पाहून घ्यावे. स्वस्त पॉलिसी काढून देणारे एजंट बहुतेक वेळा नेमका तोच काढून टाकतात.