डीप फ्रीझर: बरेच महिने वापरून झाल्यावर

वरून झाकण उघडणारा आडवा डीप फ्रीझर आहे, बरेच महिने रोजच्या वापरात आहे म्हणून आता सविस्तर लिहितेय. पहिलं म्हणजे घेताना नुसतं किती थंड होतो ते बघू नका, उणे १८ अंश तर सगळ्याच कंपन्या लिहितात. वस्तू किती पटकन गोठते आणि नंतर तापमान किती स्थिर राहतं, सगळा खेळ तिथे आहे.

कारण भाज्या-फळांत बहुतेक पाणीच असतं, आणि साधारण उणे १ ते उणे ५ अंशांच्या मधे त्यातल्या बऱ्याचशा पाण्याचा बर्फ होतो. त्या टप्प्यात वस्तू रेंगाळली की बर्फाचे स्फटिक मोठे वाढतात, पेशी फाडतात आणि बाहेर काढलं की पाणी सुटून नुसता लगदा! झटपट गोठलं तर स्फटिक बारीक राहतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसाने कॅनडातल्या लॅब्राडोर भागात तिथल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांचे कडाक्याच्या थंडीत बघता बघता गोठणारे मासे पाहिले, ते शिजवल्यावर ताज्यासारखे लागायचे, त्यातूनच पुढे १९२० च्या दशकात त्याने फ्रोझन फूडचा धंदा उभा केला.

याला फास्ट फ्रीझचं बटण आहे, ते मी आदल्या दिवशीच दाबून ठेवते. मटार ट्रेमध्ये एकच थर पसरून ठेवले तर दाणा न् दाणा सुटा राहतो आणि हातात घेतला की खड्यासारखा टणक लागतो. तेच मटार पिशवी गच्च भरून ठेवले तर कडेचे लवकर गोठतात, मधले मात्र कितीतरी वेळ मऊच असतात आणि शेवटी सगळ्याचा एक गोळा होतो. आधी उकळत्या पाण्यातून काढायचा कंटाळा करू नका, नाहीतर भाजीतले एन्झाइम्स (रंग-चवीत बदल घडवणारी प्रथिनं) उणे १८ लाही हळूहळू काम करत राहतात आणि रंग-चव जाते. बॅक्टेरियाचंही तेच, गोठवल्याने बरेचसे मरत नाहीत, फक्त वाढायचे थांबतात. टोमॅटो कसेही गोठवा, मऊ पडणारच, ते फक्त शिजवायला.

बाटल्या काठोकाठ भरायच्या नाहीत. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, डोंगरात भेगेत शिरलेलं पाणी याच जोरावर खडक फोडतं, तिथे काचेचं काय! पण फुगल्यामुळेच बर्फ हलका होऊन तरंगतो, म्हणून तळी वरून गोठतात आणि खाली मासे जगतात.

आणि गोठण्यावरून आठवलं, उत्तर अमेरिकेत वूड फ्रॉग नावाचा बेडूक आहे, त्याचं वाचल्यापासून मी सगळ्यांना सांगत सुटलेय. हिवाळ्यात तो खरोखर गोठतो, हृदयसुद्धा बंद पडतं, पण यकृत इतकं ग्लुकोज रक्तात सोडतं की पेशींच्या आत बर्फ होत नाही, होतो तो बाहेरच्या जागेत, आणि वसंतात बर्फ वितळला की पठ्ठ्या उड्या मारत निघतो. आपल्या स्ट्रॉबेरीला नेमकं हेच जमत नाही.

आता तक्रारी. हा फ्रॉस्ट-फ्री नाही, त्यामुळे भिंतींवर बर्फाचा थर चढतो, सगळं बाहेर काढून बंद करून वितळवावा लागतो, वेळखाऊ काम आहे. तरी मी हाच घेईन, कारण फ्रॉस्ट-फ्रीमध्ये बर्फ साचू नये म्हणून हीटर मधूनमधून चालू होतो, तापमान वरखाली झालं की बारीक स्फटिक पुन्हा मोठे होतात. पिशवीत हवा राहिली तर वस्तूवर पांढरे कोरडे डाग पडतात, तिथला बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडालेला असतो. खायला धोका नाही पण चव चामड्यासारखी, म्हणून हवा पूर्ण दाबून काढा.

तळाची वस्तू शोधायला अर्धं अंग आत घालावं लागतं, जाळीच्या टोपल्या दोन तरी जास्त द्यायला हव्या होत्या. लाइट गेली तर मात्र चिंता नाही, पूर्ण भरलेला असेल आणि झाकण उघडलं नाही तर साधारण ४८ तास माल गोठलेला राहतो, अर्धा भरलेला असेल तर २४ तास धरून चाला.