जपानमध्ये त्वचेची तक्रार: जवळचा दवाखाना की मोठ्या रुग्णालयाचा त्वचारोग विभाग?

जपानमध्ये तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी माणसाला तिथल्या सार्वजनिक आरोग्य विम्यात सामील व्हावे लागते आणि त्यानंतर नोकरीच्या वयातील रुग्णाला उपचारखर्चाचा ३० टक्के वाटा भरावा लागतो. प्रश्न उरतो तो कोठे जायचे याचा. भारतातून नव्याने आलेल्यांचा ओढा मोठ्या रुग्णालयाकडे असतो, कारण मोठी इमारत म्हणजे मोठा डॉक्टर, अशी आपली समजूत असते. जपानची व्यवस्था मात्र नेमकी उलट्या दिशेने आखलेली आहे.

आधी पैशांचे पाहू. ठरावीक वर्गातील मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांच्या पत्राशिवाय, म्हणजे ज्याला तिथे ‘शोकाइजो’ म्हणतात त्याशिवाय, पहिल्यांदा गेल्यास ऑक्टोबर २०२२ पासून किमान ७,००० येन जादा आकारले जातात आणि त्यावर विमा लागू होत नाही. याउलट २०२४ च्या दरांनुसार दवाखान्यातील पहिल्या तपासणीचे मूळ शुल्क २,९१० येन, म्हणजे आपल्या वाट्याला सुमारे ८७० येन येते. तपासण्यांचे आणि औषधांचे पैसे वेगळे. पुढे पत्र हवेच असेल, तर त्याचे सुमारे ७५० येन. म्हणजे दवाखान्यामार्गे मोठ्या रुग्णालयात जाणे थेट जाण्यापेक्षा बरेच स्वस्त पडते.

वेळेच्या बाबतीतही ‘हिफुका’, म्हणजे त्वचारोग, अशी पाटी असलेला दवाखाना सोयीचा ठरतो. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर अनेक ठिकाणी जाता येते, तर मोठ्या रुग्णालयांत नव्या रुग्णांची नोंदणी बहुधा सकाळीच आटोपते. भाषेत मात्र रुग्णालयाचे पारडे जड असू शकते, कारण काही रुग्णालयांत दुभाषाची सोय असते. दवाखान्यात आपल्याला फोनवरील भाषांतरावर निभवावे लागते. खाज, पुरळ, मुरमे, पायाच्या बोटांतील बुरशी यांसाठी तेवढे पुरते, असे माझे मत आहे.

आपल्याकडून जाणाऱ्यांनी नायट्याची गोष्ट मात्र वेगळी धरावी, आणि याच मुद्द्यावर मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. भारतात औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कित्येक मलमांत बुरशीनाशकासोबत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि चट्ट्याचे मूळ रूपच बदलून जाते. शिवाय टर्बिनाफिन या नेहमीच्या गोळीला दाद न देणारी बुरशी दक्षिण आशियात मोठ्या प्रमाणात आढळते. तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव २०२० साली जपानी संशोधकांनीच दिले. त्यामुळे घरून आणलेल्या मलमाची नळी लपवू नये, तर बरोबर न्यावी, शेवटचे केव्हा लावले तेही सांगावे आणि सोबत पुरळाचे पहिल्या दिवसांतले छायाचित्र दाखवावे. त्वचेचा खरवडलेला कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सोय अनेक दवाखान्यांत असते, पण बुरशीनाशक नुकतेच लावलेले असल्यास ती तपासणी फसू शकते. योग्य उपचारानेही नायटा हटत नसेल, तर बुरशीची वाढ करून तिची जात ओळखण्यासाठी विद्यापीठ रुग्णालयात जाण्यासाठीचे पत्र दवाखान्यातून आपणहून मागावे.

पत्र मागण्याची आणखीही कारणे आहेत. संशयास्पद तीळ, फोड येणारे आजार, पॅच टेस्ट (ॲलर्जी कशाची आहे हे शोधणारी त्वचेवरील चाचणी), किंवा अटोपिक इसबासाठी डुपिलुमॅबसारखे महागडे इंजेक्शन यांसाठी रुग्णालयाचा विभागच योग्य. महिन्याचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास विम्यातून सवलत मिळते, तेव्हा निव्वळ किमतीला घाबरून असे उपचार टाळू नयेत.

काही जण सुट्टीत भारतात जाईपर्यंत थांबतात. सावळ्या त्वचेवर लाली अनेकदा काळपट किंवा जांभळट दिसते आणि आपल्याकडच्या डॉक्टरांना ते रोजचे असते, हे खरे. डाग, वांग यांसाठी थांबायला हरकत नाही. पण ताप, झपाट्याने पसरणारे पुरळ किंवा तोंडात फोड असतील, तर दवाखान्याचीही वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

एक बारीक गोष्ट राहिली. औषधे बहुधा बाहेरच्या दुकानातून घ्यावी लागतात आणि औषधाची चिठ्ठी, ती दिलेला दिवस धरून, चारच दिवस चालते. तेथे मिळणाऱ्या ‘ओकुसुरी तेचो’ या वहीत प्रत्येक औषधाची नोंद होते. पुढच्या वेळी दवाखाना बदलला तरी ती दाखवता येते, आणि आपले जपानी अपुरे असले तरी तिच्यातील नोंदी डॉक्टरांना नीट वाचता येतात.