मॉडेल टीचा टायमर बदलायचाय: रोलर, कार्बन ब्रश, फ्लॅपर की थेट डिस्ट्रिब्युटर?

फोर्ड मॉडेल टी मिस मारायला लागली, म्हणजे मधूनच एखादा सिलिंडर पेटेनासा झाला, की पहिला संशय टायमरवर जातो, आणि बऱ्याचदा तो खराही असतो. पण बदलून कोणता बसवायचा यावर इंदुरात चार जणांना विचारलं तर पाच मतं मिळतात. राजवाड्याभोवती मिरवायची गाडी असेल तर उत्तर एक, रविवारी सकाळी सिमरोलकडून भेरूघाट चढायचा असेल तर दुसरं. आणि या दोन्हींआधी एक प्रश्न आहे, तो म्हणजे टायमरच्या मागून ऑइल किती येतंय. आमच्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो.

या गाडीत (1908 ते 1927) आजच्यासारखा, एकाच कॉइलची ठिणगी चारही प्लगना वाटणारा डिस्ट्रिब्युटर नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतःची ट्रेंबलर (थरथरत्या पट्टीची) कॉइल आहे आणि चारही कॉइल लाकडी पेटीत बसतात. कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाला टायमर असतो. त्याचा आतला भाग कॅमबरोबर फिरतो आणि केसमधल्या चार कॉन्टॅक्टना क्रमानं अर्थिंग देतो. जिला अर्थिंग मिळालं ती कॉइल गुणगुणते आणि प्लगला ठिणगी जाते. क्रम 1-2-4-3. स्टिअरिंगखालचा स्पार्कचा दांडा सळईनं ही केस फिरवतो, म्हणजे अ‍ॅडव्हान्स-रिटार्ड (ठिणगी लवकर की उशिरा) सगळं ड्रायव्हरच्या हातात. कॅम क्रँकच्या अर्ध्या वेगानं फिरतो, म्हणून टायमरवरची 1 अंशाची चूक क्रँकवर 2 अंशांची होते. आतल्या ट्रॅकचा व्यास 50 मिमी धरला तर 1 अंश म्हणजे जेमतेम 0.44 मिमी. टायमरमधली झीज डोळ्याला दिसत नाही पण गाडीला कळते, ती यामुळेच.

टायमर मागवण्याआधी दहा मिनिटांची एक परीक्षा करून घ्या. चालू इंजिनात पेटीतल्या दोन कॉइलच्या पट्ट्या बोटांनी दाबून धरायच्या, म्हणजे ते दोन सिलिंडर बंद पडतात. अशी जोड्या बदलत तपासणी केली की मिस मारणारा सिलिंडर सापडतो. मग इंजिन बंद करून त्याची कॉइल शेजारच्या खणात आणि शेजारची इकडे. मिस कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा, टायमर निर्दोष. तिथेच राहिला तर आधी प्लग बदला, मग टायमरची वायर बघा, टायमर शेवटी. कॉइलच्या पॉइंटमधली फट 0.030 इंच असते, पण नुसत्या फटीवर कॉइल जुळत नाही. हातानं फिरवायच्या कॉइल टेस्टरवर चारही कॉइल 1.3 अँपिअरला जुळवाव्या लागतात. न जुळलेल्या कॉइलवर कितीही भारी टायमर लावा, पैसे वाया.

मूळ रोलर टायमर

कंपनीनं दिला तो हा. स्प्रिंगवर दाबलेला पोलादी रोलर फायबरच्या कड्यावरून फिरतो आणि कड्यात चार धातूचे तुकडे बसवलेले असतात. फायबर मऊ आणि तुकडे कडक, त्यामुळे झीज सारखी होत नाही. फायबर खाली जातं, तुकडे वर राहतात आणि रोलर त्यांच्यावर आदळून उडी मारतो. ताशी 40 किमीला इंजिन मिनिटाला साधारण 1000 फेरे घेतं, टायमर 500, म्हणजे रोलर मिनिटाला 2000 वेळा कॉन्टॅक्टवर येतो. हळू चालताना गोड वाटणारी गाडी वेग घेतला की तोतरी होते ती या उड्यांमुळे. केस उघडून नखानं ट्रॅकवर फिरवून बघा. तुकड्याच्या कडेला नख अडलं तर ट्रॅक गेला.

याची दुसरी अट म्हणजे ऑइल. रोलर टायमर कोरडा चालत नाही. आमचा हिशेब दर दीडशे-दोनशे किमीला थोडं पातळ ऑइल, असा आहे. थंडीत मात्र तेच ऑइल घट्ट होऊन रोलर आणि तुकड्याच्या मध्ये बसतं, कॉन्टॅक्ट होत नाही आणि हँडल मारून दंड भरून येतात. फोर्डच्या जुन्या पुस्तिकेतच यावर उपाय आहे: टायमरच्या ऑइलमध्ये पाव भाग रॉकेल. इंदुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा हा सल्ला आजही चालतो.

जमेची बाजू मोठी आहे. मागून ऑइल गळत असेल तर त्याचं काही बिघडत नाही, उलट बरंच. शिवाय तो इथेच दुरुस्त होतो. कडं गेलं असेल तर हायलमची (कडक इन्सुलेटिंग फायबरची) नळी घेऊन पोलोग्राउंडच्या एखाद्या चांगल्या लेथवाल्याकडून नवं कडं बसवून घेता येतं. अट एवढीच की तुकडे बसवल्यानंतर ट्रॅक आतून एकाच सेटिंगमध्ये फिरवून घ्यायचा. तुकडे वेगळे घासून बसवले तर पहिल्याच दिवशी उड्या सुरू. रोलर, त्याची पिन आणि स्प्रिंग मात्र एकदमच बदला. ढिल्या पिनवर नवा रोलर वाकडा चालतो आणि नवं कडं खातो.

कार्बन ब्रशचा टायमर

न्यू डे या नावानं हा जास्त ओळखला जातो. साच्यात ओतलेला गुळगुळीत ट्रॅक, त्यात सपाटीला बसवलेले पितळी कॉन्टॅक्ट आणि वरून घासत जाणारा कार्बनचा ब्रश. आवाज नाही, उड्या नाहीत, टायमिंग चारही सिलिंडरला सारखं. नवा असताना याच्याइतकी गुळगुळीत चाल दुसऱ्या कुठल्याच टायमरनं मिळत नाही.

पण तो कोरडाच चालला पाहिजे. ऑइल नको, ग्रीसही नको. ऑइल आलं की ब्रशच्या भुकटीत मिसळून काळा लेप तयार होतो, आणि कार्बन वीज वाहतो. लेप एका कॉन्टॅक्टपासून दुसऱ्यापर्यंत पोचला की दोन कॉइल एकदम गुणगुणतात आणि एका सिलिंडरला भलत्या वेळी ठिणगी मिळते. ओळखायची खूण सोपी आहे: इग्निशन बॅटरीवर ठेवून हँडल अगदी हळू फिरवा. दोन कॉइलचा आवाज एकत्र आला तर लेप चढलाय. केस काढून पेट्रोलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. काचपेपर लावू नका, ट्रॅकवर ओरखडे पडले की भुकटी तिथेच साचते.

इथे ती गळती आडवी येते. कॅमच्या पुढच्या टोकाला, टायमरच्या मागे, फेल्टचं सील असतं. ते जुनं होऊन कडक झालं की इंजिनातलं ऑइल टायमरमध्ये येतं. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा ऑइल पातळ होऊन जास्तच झिरपतं. त्यामुळे थंडीत झकास चालणारा ब्रश टायमर उन्हाळ्यात रुसतो. सियागंजात जाड फेल्ट मिळतं. ते जुन्याच्या मापानं कापून, ऑइलमध्ये भिजवून बसवता येतं, पण त्याहून बरं म्हणजे आता मिळणारं रबरी सील. सील बदलून चार-पाचशे किमी टायमर कोरडा राहिला तर कार्बन ब्रश खुशाल घ्या, नाही तर नका घेऊ.

फ्लॅपर

याचं मूळ नाव अँडरसन. यात रोलर नाही, ब्रश नाही. स्प्रिंगवरची एक पोलादी जीभ फिरते आणि केसमधल्या उंच पत्र्यांवर घासून जाते. कॉन्टॅक्ट ट्रॅकच्या सपाटीत नसून वर उठलेले असल्यामुळे मधलं इन्सुलेशन घासलं जातच नाही. रोलरचा मोठा रोग इथे मुळातच नाही, आणि साचलेली घाण जिभेच्या वाटेत येत नाही म्हणून थोडं ऑइल आलं तरी तो चालतो. जिभेला आणि पत्र्यांना व्हॅसलीनचा पातळ हात दिला की पुरे.

झीज जिभेच्या टोकाला होते. टोक झिजलं की कॉन्टॅक्ट उशिरा लागतो, म्हणजे टायमिंग हळूहळू रिटार्डकडे सरकतं. चारही सिलिंडरला सारखंच सरकत असल्यानं गाडी मिस मारत नाही, नुसती आळशी होते आणि गरम चालते. रेडिएटरला शिव्या देण्याआधी जीभ बघा. पत्रा वाकला असेल तर मात्र एकाच सिलिंडरचं बिघडतं. तो पक्कडीनं ओढून सरळ करू नका. मागचा स्क्रू ढिला करून सारखा करा.

नियमित चालणाऱ्या, पण ऑइलच्या बाबतीत परिपूर्ण नसलेल्या गाडीला आम्ही हाच सुचवू. इंदूरच्या आसपासच्या बहुतेक मॉडेल टी या वर्गातच बसतात.

डिस्ट्रिब्युटर

टायमरच्या जागी गिअरचं घर बसवून त्यावर उभा डिस्ट्रिब्युटर लावायचा किट मिळतो. फोक्सवॅगन बीटलचा बॉश 009 यासाठी खूप वापरला जातो. त्याच्या सीबी पॉइंटची (कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या कॉन्टॅक्टची) फट 0.40 मिमी. कॅपच्या वायरी मात्र फोर्डच्या 1-2-4-3 क्रमानं लावायच्या, फोक्सवॅगनच्या नाही. एकच कॉइल, एकच ठिणगी, आणि आतल्या फिरत्या वजनांमुळे अ‍ॅडव्हान्स वेगानुसार आपोआप. भेरूघाटात दांड्याशी खेळत बसावं लागत नाही. कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन तो बिनघोर हाताळतो, हेही थोडं नाही.

किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. फ्लायव्हीलवरची 16 लोहचुंबकांची मॅग्नेटो, म्हणजे कॉइलना वीज पुरवणारी गाडीची स्वतःची सोय, निरुपयोगी होते. ही गाडी बॅटरीशिवाय चालू शकते, हा तिचा मोठा गुण, आणि तोच तुम्ही टाकून देता. कॉइल साधारण 4 अँपिअर ओढते असं धरलं तर स्कूटरची 7 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर पावणेदोन तास आणि प्रत्यक्षात त्याहून कमी पुरते. 1919 पूर्वीच्या गाड्यांना जनरेटर नाही, तेव्हा तिथे हा पर्याय जवळजवळ बाद. दुसरं म्हणजे इंजिन थांबलं आणि स्विच चालू राहिला तर पॉइंट बंद अवस्थेत कॉइल तापून जळते. स्पर्धेत मूळपणाचे गुण जातात ते वेगळेच.

इलेक्ट्रॉनिक टायमरही निघालेत, बाहेरून मूळ दिसणारे. टायमिंग उत्तम, पण बडवाहच्या रस्त्यावर बंद पडला तर उघडून करण्यासारखं काही नाही. घ्यायचाच असेल तर जुना टायमर पिशवीत ठेवा.

कोणताही घ्या, बसवताना

रोलरची किंवा ब्रशची दिशा: पहिल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद असताना रोलरचं किंवा ब्रशचं टोक वर हवं. कॅमशाफ्टच्या पिनमध्ये तो उलटा बसवला गेला तर टायमिंग पुरतं अर्ध्या फेऱ्यानं चुकतं.

एक टायमर काढून दुसऱ्या प्रकारचा बसवला की सळईचं माप पुन्हा तपासायलाच हवं, कारण कॉन्टॅक्ट लागायची जागा प्रत्येकाची वेगळी. पेट्रोलचा कॉक बंद करा, प्लग काढून वायरीसकट हेडवर टेकवून ठेवा (वायर मोकळी सोडली तर कॉइलचं इन्सुलेशन फुटतं), दांडा पूर्ण रिटार्डला, स्विच बॅटरीवर. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टनची जागा दाखवणारा गेज लावून टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) शोधा आणि क्रँकपुलीवर व इंजिनावर समोरासमोर खडूनं खूण करा. पुलीचा घेर दोऱ्यानं मोजून 24नं भागा, तेवढं अंतर म्हणजे 15 अंश. पहिल्या कॉइलचा आवाज टीडीसीनंतर साधारण या 15 अंशांवर सुरू व्हायला हवा. आधी सुरू होत असेल तर सळई वाकवून लांबी बदला. टीडीसीच्या आधी आवाज आला तर त्या गाडीचं हँडल मारूच नका. उलट फिरलेल्या हँडलनं मनगटं मोडलेली आहेत.

आता चारही कॉइलच्या आवाजाच्या खुणा पुलीवर करा. 1 आणि 4 क्रँकच्या पूर्ण फेऱ्याच्या अंतरानं पेटतात, म्हणून त्यांची खूण एकच यायला हवी. 2 आणि 3 ची तशीच, समोरच्या बाजूला. 1 आणि 4 च्या खुणा फाकल्या तर टायमरला दोष देऊ नका. टायमिंग गिअरचं झाकण कॅमच्या मध्यावर बसलेलं नाही. झाकण अर्धा मिमी सरकलेलं असलं तर वर धरलेल्या मापात 1 आणि 4 मध्ये साडेचार अंशांपर्यंत फरक पडतो. स्क्रू ढिले करून झाकण मध्यावर आणा, मग आवळा. नवा महागडा टायमर लावूनही गाडी खडखडते, अशी तक्रार आली की दोष बहुधा इथे सापडतो.

चालवून बघताना मॅग्नेटोवर आणि बॅटरीवर असं दोन्हींवर बघा. बॅटरीवर दांडा हलवला की टायमिंग सलग सरकतं. मॅग्नेटो मात्र क्रँकच्या एका फेऱ्यात 16 लहरी देते, म्हणून ठिणगी 22.5 अंशांच्या पायऱ्यांवरच पडते. दांडा थोडा हलवला तर काहीच होत नाही, आणखी थोडा हलवला की एकदम उडी. हा बिघाड नाही, त्यासाठी टायमर परत करू नका.

वायरी शेवटी. दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेताना केस फिरते आणि वायरी ताणल्या जातात, म्हणून हाताच्या बोटभर ढील ठेवा आणि पंख्यापासून लांब बांधा. टोकाशी इन्सुलेशन सोलून तार बॉडीला लागली तर ती कॉइल सतत गुणगुणते आणि ठिणगी कधीही पडते, अगदी तुम्ही हँडल खाली दाबलेलं असतानाही. हँडल मारण्याआधी स्विच चालू करून क्षणभर कान द्या: एका वेळी एकच कॉइल बोलली पाहिजे किंवा एकही नाही. आणि हँडल डाव्या हातानं, अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवून, खालून वर ओढायचं.